मदत हवी आहे: विश्रामबागवाड्यातलं मूळ लाकूडकाम ओळखायचं कसं?

पुण्यातल्या विश्रामबागवाड्यापाशी अडलोय. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेला, १८२१ ची संस्कृत पाठशाळा इथलीच, १८७९ च्या आगीत बराच भाग जळाला आणि मग परत बांधला, इथपर्यंत कळलंय पण आज दिसतं त्यातलं मूळ किती हेच समजत नाहीये. सुरूच्या झाडासारख्या घडवलेल्या खांबांचे फोटो काढले, केळफुलांचं कोरीवकाम एकेक ताडून पाहिलं (काय देखणं आहे ते, बघत राहावं!), तरी मला फरक दिसला नाही. खरवडणं किंवा लाकडाचा नमुना घेणं अजिबात नको, फक्त डोळ्यांनी बघून सांगता यायला हवं. सांधे, खिळे, हत्यारांच्या खुणा, यातलं नेमकं काय बघितलं की पेशवाईतलं काम आणि आगीनंतरचं काम वेगळं ओळखता येईल?