लाकोटांची युद्धचित्रं फुशारकीच का?

अमेरिकेतल्या लाकोटा या मूळनिवासी जमातीच्या योद्ध्यांनी काढलेली लढायांची चित्रं म्हणजे ‘निव्वळ स्वतःच्या पराक्रमाची फुशारकी, पुरावा म्हणून किंमत शून्य’, हे मत मला अर्धंच पटतं. कातड्यावर योद्धे आपलेच पराक्रम रंगवत हे खरं, पण ते बघणाऱ्यांत लढाईतले सोबतीही असत. त्यांच्यासमोर थापा कशा खपतील?

आणि रेड हॉर्सची चित्रं बघाच! हा मिनिकोंजू शाखेचा लाकोटा १८७६ मध्ये अमेरिकी सैन्याविरुद्ध झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत स्वतः होता. १८८१ मध्ये त्याने लष्करी डॉक्टर मॅकचेस्नीसाठी ती लढाई ४० हून अधिक मोठ्या कागदांवर काढली. अमेरिकी सेनाधिकारी कस्टरचे छिन्नविच्छिन्न सैनिक त्यात आहेतच, पण काही कागदांवर त्याच्याच बाजूचे मेलेले योद्धे ओळीने आडवे पडलेत, आणि काहींवर तर नुसते मेलेले घोडे.