अनुभव धागा: सोमवार ते शनिवारची सेवा

जय ख्रिस्त मंडळी. आपल्या खेड्यांत ख्रिस्ती घरं दोन-चार, पास्टर फिरतीवर. 'सेवा' म्हटलं की आपल्याला पास्टर, बायबलबाई नाहीतर मिशनचा दवाखाना आठवतो. पण जे काही करता ते जिवेभावे, प्रभूसाठी करा, हे पौलानं कलस्सैच्या मंडळीतल्या दासांना सांगितलं (3:22-23). काम निवडायची मुभाच नसलेली ती माणसं. रोजमजुरीनं निंदायला जाणाऱ्या आपल्या बायांना हे वचन सगळ्यात आधी लागू होतं, असं मी मानतो. तुम्हाला रोजच्या कामात प्रभू कुठे भेटतो? लिहा. साक्ष मोठीच हवी असं नाही.

शेतकरी, कळंब तालुका
कोरडवाहू जमीन, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळी आली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी अन् कवडी, म्हणजे किडका कापूस. त्या हंगामात घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. बायकोनं संध्याकाळच्या प्रार्थनेत हबक्कूकचा तिसरा अध्याय काढला: अंजीर फुललं नाही, शेतानं अन्न दिलं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मी म्हटलं, आनंद कसा करू? ती म्हणाली, आधी वाचू तर. रोज वाचत राहिलो. अंजिराच्या जागी पऱ्हाटी, जैतुनाच्या जागी तूर असं म्हणून वाचायला लागलो अन् तो संदेष्टा आपल्याच शिवारातला वाटू लागला. कर्ज त्यानं फिटलं नाही. सकाळी वावरात जायचं बळ मात्र आलं.

तेव्हापासून एक नेम धरला. शेताच्या कडा पुरत्या कापू नका, सरवा (कापणीनंतर पडलेली कणसं) वेचू नका, तो गरिबांना अन् परक्यांना राहू द्या, अशी लेवीय 19:9-10 मध्ये आज्ञा आहे. धुऱ्याकडची तुरीची तासं मी सोंगत नाही. ज्यांना वावर नाही त्या बाया येऊन नेतात. रूथही अशीच बवाजाच्या शेतात सरवा वेचत होती, अन् तिच्याच वंशात दावीद, पुढे प्रभू जन्मला. पेरतानाच मी त्या कडेच्या तासांसाठी प्रार्थना करतो.

नर्स, यवतमाळ जिल्हा
त्याच 2017 च्या पावसाळ्यात फवारणीनं विषबाधा झालेले मजूर आमच्याकडे येत. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या. ॲट्रोपिन (विषावरचं औषध) द्यायचं, ओकारी पुसायची, रात्रभर लक्ष ठेवायचं. 'मी आजारी होतो' हे प्रभूचे शब्द (मत्तय 25:36) मला त्या रात्रींत समजले. वॉर्डात मी धर्माचं बोलत नाही. रोगी आपल्या भरवशावर पडलेला असतो, तिथं उपदेश करणं मला बरं वाटत नाही. ड्युटीवर जाण्याआधी एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करते.

तरुण, पुसद
वाचून चांगलं वाटलं, पण मला असं काही होत नाही. आयटीआय झालं, दुकानात कामाला आहे. बायबल उघडतो, नुसती अक्षरं दिसतात. प्रार्थनेला शब्द नाहीत. सकाळी उठावंसंच वाटत नाही.

निवृत्त शिक्षक, पुसदच
बाबू, 1 राजे 19 वाच. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही. भाकर अन् पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. कामगिरी त्यानंतर. तेव्हा तू आधी नीट जेव, झोप. बरेच दिवस असंच चाललं असेल तर डॉक्टरांना दाखव, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. अन् रविवारी उपासना झाली की आमच्या घरी जेवायलाच ये. स्तोत्र 13 सोबत वाचू. 'किती काळ?' असं दावीद तिथं देवाला सरळ विचारतो. तुला शब्द नसतील तर त्याचे घे.

शिवणकाम करणारी, दर्यापूर तालुका
पौलाचा धंदा तंबू करण्याचा होता (प्रेषितांची कृत्ये 18:3), म्हणून तो मला जवळचा. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्याआधी गणवेशांची घाई असते. लेकरं भराभर वाढतात, मायबापाला दरवर्षी नवा घेणं जमत नाही. म्हणून मी शिवणीत माया (आत दुमडलेलं जादा कापड) जास्त सोडते अन् पुढच्या वर्षी उसवून मोठा करून देते, त्याचे पैसे घेत नाही. काहून, असं कुणी विचारलं तर प्रभूचं नाव सांगते. यंदा वस्तीतल्या पोरींना शिवण शिकवायला घेतलं आहे. कोणाकडे जुनी पायमशीन पडून असेल तर कळवा.