पट्टी म्हणजेच स्केल का? आठवीतल्या मुलीचा प्रश्न

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितेय. मुलगी आठवीत आहे, चौथीपर्यंत मराठीतून शिकली आणि पाचवीपासून इंग्रजीतून, आपल्याकडे बहुतेकांचं असंच असतं. संध्याकाळी पेटीच्या क्लासला जाते, तिथे सगळं मराठीतून. शाळेत म्युझिकच्या वहीत शब्दांचे अर्थ लिहून न्यायचे होते, त्यात 'स्केल' होता. हिने लिहिलं, "मी जिथून गाते ती, म्हणजे काळी चार." चूक, वर लाल रेघ. घरी येऊन रडली, कारण क्लासमध्ये सगळे तेच बोलतात ना, "तुझी स्केल कुठली गो?" "काळी चार." मग चुकलं कुठे? शिवाय ऑक्टेव्ह म्हणजे आठ तर आपलं सप्तक सातचं कसं, रिदम म्हणजे ताल की लय, असे आणखी प्रश्न काढलेत तिने आणि मला एकाचंही धड उत्तर देता येईना. कोणीतरी नीट समजावून सांगा.

– – –

ताई, मुलीचं चुकलेलं नाही, शब्दाने तिला फसवलंय. मी गेली बरीच वर्षं मुलांना पेटी शिकवतो, 'स्केल'वर दर वर्षी कोणीतरी अडतंच.

आपण बोलताना 'स्केल' म्हणतो तेव्हा आपल्या मनात 'पट्टी' असते. पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा जिथे बसतो ती जागा. काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, इंग्रजी पद्धतीत जी शार्प, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी एक म्हणजे सी. याला इंग्रजीत शब्द आहे 'की'. आणि गंमत बघा, 'की' म्हणजे पियानोची ती दाबायची पट्टीसुद्धा आणि गाण्याची पट्टीसुद्धा, आणि मराठीतही पेटीवर बोट ठेवतो ती पट्टीच आणि गातो तीही पट्टीच. दोन्ही भाषांना वाद्यावरून तोच शब्द सुचला. इतका चांगला शब्द घरात असताना आपण 'स्केल' कुठून आणला कोण जाणे! त्यात कंपासपेटीतल्या फूटपट्टीलाही मुलं स्केलच म्हणतात, म्हणजे आणखी घोळ.

पुस्तकातली स्केल वेगळी. ती जागा नाही, ती शिडी आहे. सा पासून वरच्या सा पर्यंत पायऱ्या कुठे किती अंतरावर ते स्केल सांगते, आणि आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ जातो 'थाट'. पुस्तकातली मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल थाट, सगळे स्वर शुद्ध, म्हणजे आपापल्या मूळ जागी.

मुलीला पेटीवर बसवा आणि हे करायला लावा. काळ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. पांढरी एकला सा धरून सात पांढऱ्या वाजव, बिलावल. आता पांढरी दोनला सा धर आणि त्याच पांढऱ्या वाजव, ग आणि नी कोमल झाले, म्हणजे अर्धी पायरी खाली आले, काफी थाट आला. पांढरी तीनपासून भैरवी. चारपासून म तीव्र होतो, म्हणजे अर्धी पायरी वर जातो, कल्याण. पट्ट्या त्याच, सा सरकला आणि शिडी बदलली. मग उलट, काळी चारला सा धरून बिलावल वाजवायला सांगा, आता काळ्या लागतील, पण कानाला गाणं तेच वाटेल. म्हणजे पट्टी बदलली, स्केल नाही. हे बोटांतून एकदा गेलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही, माझा अनुभव आहे.

तेव्हा वहीत तिला लिहू दे, 'माझी की जी शार्प, मराठीत काळी चारची पट्टी'. आणि राग म्हणजे स्केल असं मात्र कुठेही लिहू देऊ नका. भूप आणि देसकार, दोघांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध, तरी ऐकणारा दोन राग वेगळे ओळखतो कारण कुठल्या स्वरावर थांबायचं, कुठून वळायचं ते वेगळं आहे.

सप्तकाचं सोपं आहे. आपण सात स्वर मोजतो आणि वरचा सा पुढच्या सप्तकात टाकतो, ते वरचा सा धरून आठ मोजतात. अंतर तेवढंच, वरच्या सा ची कंपनं खालच्याच्या बरोबर दुप्पट. मध्य म्हणजे मधल्या सप्तकातला एखादा स्वर ४४० हर्ट्झचा असला तर तार म्हणजे त्याच्या वरच्या सप्तकात तोच ८८०. पंचम हा शब्द तर सरळ पाचवा असंच सांगतो, इंग्रजीतही त्या अंतराला पाचवाच म्हणतात.

– – –

वरच्या सरांनी छान सांगितलं, त्यात एक गोव्यातली भर घालतो. मी मडगावकडचा, व्हायोलिन चर्चच्या क्वायरमध्ये वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे शिकलो. पोर्तुगीज काळात पॅरिश स्कूलमध्ये मुलांना अक्षरांबरोबर सोल्फा, म्हणजे स्वरांची नावं घेत गाणं, शिकवत, मास्तर त्याच परंपरेतले. त्यांचं दो रे मी फा सोल ला सी. आपली मुलं लगेच म्हणतात दो म्हणजे सा. पण मास्तरांचा दो हलत नाही! तो कायम पांढरी एक, म्हणजे सी. आपला सा जिथे बसवाल तिथे बसतो, काळी चारला बसवला की काळी चारच सा. काही ठिकाणी सरकणारा दो पण शिकवतात, तो मात्र सा सारखाच, म्हणून आधी विचारून घ्यावं की तुमचा दो कुठला.

आणि 'सी' वर तर मी स्वतः महिनाभर अडकलो होतो. मास्तर "सी लाव" म्हणायचे तेव्हा त्यांना सोल्फामधला शेवटचा स्वर हवा असायचा, म्हणजे पांढरी सात, आणि मी शाळेतल्या कीबोर्डवर शिकलेलो, मी आपला इंग्रजी अक्षर समजून पांढरी एक लावायचो. देवनागरीत दोन्ही 'सी' सारखेच लिहिले जातात. मराठीत नोट्स काढणाऱ्या मुलांनी इंग्रजी अक्षराच्या सी ला गोल करावा, मी तेच करायचो.

– – –

सर, पांढऱ्या पट्ट्यांचा प्रयोग काल रात्री केला. पांढरी दोनला ग कोमल झालेला तिला स्वतःला ऐकू आला तेव्हा तोंड बघण्यासारखं होतं! आता ताल-लयीचं सांगा ना. आणि एक, ती विचारते स्वर तर व्याकरणात अ आ इ ई, मात्रा म्हणजे अक्षरावरची, आणि अलंकार म्हणजे उपमा. मग हे सगळे शब्द गाण्यात कसे आले?

– – –

हुशार आहे मुलगी. जुन्या काळी उच्चार, छंद आणि गाणं एकमेकांना लागूनच होतं, म्हणून हे शब्द दोन्हीकडे आहेत. मात्रा मुळात मोजमाप, छंदात अक्षराला लागणारा वेळ मोजते, तालात टाळीचा. तिला वहीत 'मात्रा (गाण्यातली)' असं लिहायला सांगा, म्हणजे शुद्धलेखनाच्या तासाला गोंधळ नको.

ताल आणि लय वेगळे करायचे तर मी मुलांना क्रियापदं ऐकायला लावतो. ताल चुकतो. लय वाढते, उतरते, सुटते. ठेका धरतात. सम, म्हणजे चक्राची पहिली मात्रा, गाठतात. "ताल वाढला" असं कोणी म्हणतं का? नाही, कारण ताल म्हणजे मोजलेलं चक्र, त्रितालाच्या सोळा मात्रा सोळाच राहणार, झपतालाच्या दहा दहाच. वाढते ती लय, एका मात्रेपासून दुसऱ्या मात्रेपर्यंतचा वेळ. विलंबित, मध्य, द्रुत ही लयीची नावं आहेत, तालाची नाहीत. टेम्पो लयीच्या जवळचा. बीट म्हणजे मात्रा म्हटलं तर चालेल. बार म्हणजे आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) मात्र नको, त्रितालाचा चार मात्रांचा एक विभाग त्यांच्या चार बीटच्या बारएवढा होईल, आवर्तनात असे चार विभाग येतात आणि मग सम.

तुमच्याकडे चवथीला (गणेशचतुर्थीला) घुमट, ते चामडं लावलेलं मातीचं वाद्य, असेलच. माटोळीखाली (गणपतीवरच्या फळाफुलांच्या चौकटीखाली) मंडळी उभी, घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), कासाळें (झांजा), आरती सुरू होते तेव्हा सगळं सावकाश, वाजवणारा डाव्या तळव्याने घुमटाचं मागचं तोंड झाकतो, उघडतो, आवाज घुमतो. मग हळूहळू चढत जाते आणि शेवटाला कासाळेंवाल्याचे हात दिसत नाहीत इतकं जलद. तिला यंदा आरतीत फक्त एक काम द्या, एका ओळीला किती मात्रा ते बोटांवर मोजायचं, सुरुवातीला आणि शेवटाला. आकडा तोच येईल. तो आकडा धरून ठेवतो तो ताल, आणि जी चढली ती लय.

आपल्याच गोव्याचे तबलावादक खाप्रुमामा पर्वतकर, दोन हातांनी दोन वेगळे ताल धरून तोंडाने तिसरंच मोजत असं सांगतात. त्यांना लोक लयभास्कर म्हणत. तालभास्कर नाही म्हटलं, लयभास्कर म्हटलं. ऐकणाऱ्यांना या दोन शब्दांतला फरक पक्का माहीत होता.

रिदमचं म्हणाल तर तो शब्द इतका सैल झालाय की त्याला एक मराठी शब्द लावूच नये. तबलजीलाही रिदमवाला म्हणतात आणि टाळ्यांच्या नुसत्या आकृतीलाही रिदम म्हणतात. वाक्य बघून ठरवायचं.

– – –

मोजून घेते चवथीला, आधी मलाच शिकायला हवं. शेवटचा प्रश्न, वहीत 'कॉर्ड' आहे, त्याला काय लिहू?

– – –

कॉर्डच लिहा. स्वरमेळ, स्वरसंगती असे शब्द सुचवलेले वाचलेत, पण क्लासमध्ये कोणाच्या तोंडात नाहीत, आणि आपल्या गाण्यात तीन स्वर एकदम लावून त्यावर चाल उभी करत नाहीत, म्हणून शब्दही घडला नाही. ऐकवायचं असेल तर मांडो (आपलं गोव्यातलं कोकणी गाणं) ऐकवा, तिथे दुसरा आवाज पहिल्याच्या खालून सोबतीने चालतो, ते दोनच स्वर एकावेळी, कॉर्डला निदान तीन लागतात. मग पेटीवर सा, ग, प एकदम दाबायला सांगा. तिन्ही बोटं एका क्षणी पडायला हवीत, आधी सा मग ग असं झालं तर ती सरगम होईल.