नदीच्या पाण्यात घातलेले तांबे व्होल्टॅमेट्रीत दिसत का नाही?

रगाडाकाठ: गोव्यातल्या खांडेपार नदीचे, ओपा जलशुद्धीकरण केंद्राच्या वरचे पाणी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळले, त्यात लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम तांबे घातले. स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीत (तांबे आधी इलेक्ट्रोडवर जमवून, मग विजेचा दाब बदलत सोडवून मोजण्याची पद्धत) पीक, म्हणजे आलेखातला तांब्याचा उंचवटा, जेमतेम उठते. नायट्रिक आम्लाने पीएच 2 करून रात्रभर ठेवले की तांबे जवळपास पूर्ण मिळते. डिस्टिल्ड पाण्यात हा प्रश्नच येत नाही. इलेक्ट्रोड बिघडला का?

जांभा: नाही. पालापाचोळा कुजून पाण्यात उतरलेली ह्युमिक आणि फुल्विक आम्ले तांबे धरतात. हिशेब मांडा: 10 मायक्रोग्रॅम म्हणजे 0.16 मायक्रोमोल. फुल्विक कार्बन लिटरमागे 2 मिलिग्रॅम धरला तरी कार्बॉक्सिल गट (तांबे धरू शकणाऱ्या जागा) 20 मायक्रोमोलच्या आसपास निघतात, म्हणजे शंभरपटीहून जास्त. घट्ट धरणाऱ्या जागा मात्र त्यांतल्या थोड्याच, म्हणून सुरुवातीचे तांबे गडप होते आणि पुढे पीक चढू लागते. पीएच 2 ला हायड्रोजन आयन त्या जागा घेतात, तांबे सुटते.

लॅबकर: हे अर्धेच कारण. ह्युमिक द्रव्य पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर चिकटूनही पीक खुजे करते. दोन्ही वेगळे करायचे तर टायट्रेशनच हवे, म्हणजे तांबे टप्प्याटप्प्याने वाढवत मोजणे. 10 टक्के नायट्रिकमध्ये बुडवून धुतलेल्या 10-12 टेफ्लॉन बाटल्या घ्या, प्रत्येकीत 10 मिली पाणी, तांबे 0 पासून 500 नॅनोमोलरपर्यंत चढते. पीएच हेपेस बफरने (पीएच स्थिर ठेवणारे द्रव्य) सगळीकडे एकच ठेवा. ट्रिस नको, तो स्वतःच तांबे धरतो. मग रात्रभर थांबा. घाईने मोजले तर समतोल आलेला नसतो आणि पाण्याची तांबे धरण्याची क्षमता कमी दिसते.

संवेदनशीलता (तांब्यामागे पीक किती चढते) घातलेले तांबे आणि पीक यांच्या आलेखाच्या वरच्या सरळ भागातून काढा, डिस्टिल्ड पाण्याच्या कॅलिब्रेशनवरून नव्हे. तिथलाही उतार डिस्टिल्डपेक्षा कमी आला तर इलेक्ट्रोड माखतोय. नंतर सुटे तांबे भागिले बांधलेले तांबे हे गुणोत्तर सुट्या तांब्यासमोर मांडा. रेषेच्या उताराचा व्यस्त म्हणजे धारकांचे (तांबे घट्ट धरणाऱ्या जागांचे) प्रमाण. इथले ‘सुटे’ निव्वळ आयन नव्हेत, कार्बोनेट-हायड्रॉक्साइडला जोडलेले तांबेही त्यात मोजले जाते.

रगाडाकाठ: पणजीजवळच्या पाण्यालाही हीच पद्धत चालेल?

जांभा: चालेल, पण आकडे ओपाच्या शेजारी ठेवू नका. पणजीजवळून वाहणाऱ्या मांडवी नदीत भरती गांजे गावापर्यंत चढते. खाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याच जागांवर हक्क सांगतात, शिवाय लोह आणि ह्युमिक एकत्र गोळा होऊन फिल्टरवरच अडकतात. प्रत्येक बाटलीवर क्षारता आणि भरती-ओहोटीची वेळ लिहा. नमुना 4 अंशांवर, अंधारात ठेवा. गोठवू मात्र नका, ह्युमिक साकळते आणि वितळल्यावर पूर्ण विरघळत नाही.