फोटोंचा पसारा तुम्ही कसा आवरता?

आईच्या पंचाहत्तरीला स्लाइडशो करायचा ठरला. तिचा खळखळून हसतानाचा एक फोटो हवा होता. तीन हार्डडिस्क, 'न्यू फोल्डर (7)'पर्यंतचे फोल्डर आणि दोन रात्री! सापडला शेवटी 'ऑफिस जुनं'मध्ये. तुम्ही कुठलं सॉफ्टवेअर वापरता, शिस्त काय, हात कुठे पोळले, सगळं लिहा.

*

मी पिकासावाला. 2016मध्ये गूगलने ते बंद केलं, तरी पुढे दोन वर्षं रेटलं. नवा संगणक घेतला तेव्हा फक्त फोटो निवडून कॉपी केले. त्याच फोल्डरमधली लपलेली छोटी आयएनआय फाइल मागे राहिली. जतन न केलेलं क्रॉपिंग आणि रंगसुधारणा तिच्यातच नोंदलेली असते, हे कळेपर्यंत जुना संगणक भंगारात गेला होता. चूक माझीच. आता डिजिकॅम वापरतो. फुकट आहे, जरा जड आहे. घेतलंत तर सेटिंगमध्ये जाऊन टॅग (फोटोला आपण दिलेली नावं, विषय) फोटोच्या फाइलमध्येच लिहिले जातील, अशी खूण आधी करा.

*

इरफानव्ह्यू! 1996पासून आहे, चिन्ह म्हणजे चिरडलेलं लाल मांजर (का ते विचारू नका). 'बी' दाबलं की बॅच उघडते आणि हजार फोटोंची नावं एका दमात बदलतात. मी एक्झिफमधली (कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये नोंदवतो त्या माहितीतली) तारीख नावात घालते. कॅमेरा 9999नंतर पुन्हा 0001वर येतो आणि एकाच नावाचे दोन फोटो तयार होतात, ती भानगड त्यामुळे संपली.

*

भाचीचं लग्न न्यू जर्सीत, जूनमध्ये. माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ भारतातलंच राहिलं, जावयांच्या मोबाइलवर तिथली वेळ. दोघांचे फोटो एकत्र केल्यावर सप्तपदी आधी आणि अंतरपाट नंतर! माझे सगळे फोटो निवडून वेळ 9 तास 30 मिनिटं मागे घेतली, तेव्हा कुठे लग्न शास्त्रोक्त लागलं.

*

व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोत काढल्याची तारीख उरत नाही आणि आकारही घटतो. नावातली तारीख असते ती पाठवल्याची. मूळ फोटो हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. मी एकसारखे फोटो शोधून उडवायला बसलो आणि मूळ ठेवायचे सोडून व्हॉट्सॅपचेच ठेवले. जाऊ दे.

*

माझं अगदीच बाळबोध. '2011-05 तारकर्ली' एवढंच फोल्डरचं नाव. वर्ष आधी, मग महिना, की आपोआप क्रम लागतो. सॉफ्टवेअर चार बदलली, फोल्डर तेच आहेत.

*

बाबांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावरचे चौकोनी फोटो स्कॅन केले, तर सगळे 2019च्या दिवाळीत जाऊन बसले. स्कॅन केलं ती तारीख. आता एकेकाची तारीख दुरुस्त करतेय. नुसतं साल माहीत असेल तर 1 जानेवारी घालते. फोटोमागची अक्षरंही स्कॅन करा, आमच्याकडे निम्म्या तारखा तिथूनच मिळाल्या. नावांसाठी रोज संध्याकाळी आत्याला व्हिडिओ कॉल. 1968च्या मुंजीतल्या सगळ्यांना तिने ओळखलं, पण मागच्या रांगेतल्या दोघी अजून 'अनोळखी 1' आणि 'अनोळखी 2'च आहेत.