ऊसतोडीला आलेल्या पोरांची नोंद कुणी ठेवायची, कारखान्याने की शाळेने?

भीमाकाठ (पंढरपूर):
दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालन्याकडनं टोळ्या आपल्या जिल्ह्यात उतरतात. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या सोलापुरात, तिसाच्या वर. कुठल्या गटात कुणाचा ऊस, लागण कधीची, तोड कधी, टोळीत कोयते (तोडणाऱ्या जोड्या) किती, सगळं शेती विभागाच्या कॉम्प्युटरवर असतं, कारण उचलीचा, म्हणजे टोळीला आगाऊ दिलेला, पैसा अडकलेला असतो. पण त्यांच्या कोप्यांत (झोपड्यांत) पोरं किती आणि कितवीतली, याला कुठंच रकाना नाही. माझं म्हणणं एवढंच, की टोळीचा करार नोंदवतानाच पोरांची नावं, वय, इयत्ता घ्यायची आणि ती यादी आठवड्याच्या आत गटशिक्षणाधिकाऱ्याकडं गेली पाहिजे. सक्ती करा कारखान्यांवर.

गुरुजी_माढा:
अजिबात पटलं नाही. माहिती कमी नाहीये, चुकीची आहे. सरलवर, युडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी पोर्टलवर, पोरांच्या नोंदी आहेत, आधारसकट. पण गावाकडची शाळा पटावरनं नाव काढत नाही, कारण संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकाची पदं किती, हे पटावर ठरतं आणि पट घसरला की शिक्षकाचं पद जातं. मग पोरगं कागदावर गावच्या चौथीत असतं आणि खरं तर इथं उसाच्या फडात धाकटीला सांभाळत वाढ्याच्या (उसाच्या शेंड्याच्या) मोळ्या बांधत असतं. कारखान्याच्या यादीनं यात काय फरक पडणार? आणि शेवटी ती यादी भरायला आम्हालाच पाठवणार. २०१५ ला शाळाबाह्य मुलं एका दिवसात मोजायला लावली होती, ४ जुलैला, बोटाला शाई लावून. जुलैत फडात कोण असतं सांगा?

भीमाकाठ:
सर, जुलैचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे की. मोजायचं तर डिसेंबर-जानेवारीत मोजा. वरचे सर्व्हेही असेच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची २००७-०८ ची ६४ वी फेरी बघा, त्यात थोड्या काळाचा स्थलांतरित म्हणजे कामासाठी महिनाभर किंवा जास्त पण सहा महिन्यांपेक्षा कमी बाहेर राहिलेला माणूस. आई-बापामागं आलेलं सहा वर्षांचं पोर कामासाठी आलेलंच नसतं, ते त्या व्याख्येतच बसत नाही. धोरण मात्र असल्याच आकड्यांवर ठरतं.

सोलापूरची_ताई:
भीमाकाठ दादा, तळमळ कळते पण ही यादी कारखान्याच्या हातात द्यायला माझा ठाम विरोध आहे. कारखान्याची यादी म्हणजे टोळी आणणाऱ्या मुकादमाची यादी, मधी दुसरं कोण असतं? उचलीत अडकलेल्या घरात पोरी किती, वय काय, हे मुकादमाला लेखी कशाला पाहिजे? शिवाय तेरा-चौदाची पोरं फडात कामाला असतात हे सगळ्यांना माहितीय, रकाना आला की मुकादम सरळ "पोरं गावाकडंच ठेवलीत" म्हणून लिहून देणार, मग ती पोरं कागदावर पण उरणार नाहीत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतल्यांसाठी पालकांची संमती धरलीय, पण न वाचता उमटवलेल्या अंगठ्याला मी तरी संमती म्हणणार नाही. अंगणवाडी सेविकेला कोपीवर जाऊ द्या. बाई बाईशी खरं बोलते. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर लहान लेकरांची नोंद ती करतेच, त्यालाच मोठ्या भावंडांची जोड द्या, आणि त्या कामाचे पैसे तिला वेगळे द्या.

आष्टीकर:
आम्ही तोडीला माणसं धाडणाऱ्या बाजूचे. आई-बाप तोडीला गेले की पोरं गावातच ठेवतात त्या हंगामी वसतिगृहाच्या यादीवरून गावात कोण राहिलं ते कळतं, मग राहिलेली पोरं गेली कुठं हे काढायला अवघड काय? जाईल तिथल्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड निघतं, पण ते ट्रंकेत जातं, कारण निघताना कारखाना एक सांगतात आणि मुकादम नेतो दुसरीकडंच. खरी अडचण पत्त्याची आहे. तो पत्ता कारखान्याकडंच मिळतो ताई, दुसरीकडं कुठं मिळणार?

दक्षिण_सोलापूर:
आपल्याकडचीही कुटुंबं तोडीला विजयपूर-कलबुर्गीकडं जातात हे कुणी बोलतच नाही. सीमा ओलांडली की राज्याचं पोर्टल संपलं. पुढं शाळा कन्नड.

गुरुजी_माढा:
कायदा यात स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कलम ९ मधे स्थलांतरित कुटुंबाच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी. मग अडतंय कुठं, तर पटावर. हंगामापुरता पट दोन्ही शाळांत धरा, गावच्या शाळेचं पद जाऊ देऊ नका आणि इथल्या शाळेला जादा शिक्षक, पोषण आहार द्या. मग बघा मुख्याध्यापक आपणहून खरी नोंद करतात का नाही. हे झाल्याशिवाय कितीबी ॲप आणा.

भीमाकाठ:
पट दोन्हीकडं, मान्य. ताईंचंही अर्धं मान्य करतो, नावं कारखान्याने घेऊ नयेत. पण कोप्या कुठं पडल्यात, किती, कधी आल्या आणि कुठल्या गटात हलल्या, एवढं तरी कारखान्याने दर आठवड्याला द्यावं. फडावरच्या कारखान्याच्या माणसाला, चिटबॉयला, हे तोंडपाठ असतं. पुढची नावं सेविका आणि गुरुजी घेतील. फेब्रुवारी २०२७ मधे जनगणनेची मोजणी आहे, ऐन हंगामात, प्रगणकाला पण कोप्यांची हीच यादी द्या.

सोलापूरची_ताई:
कोप्यांचं ठिकाण द्यायला हरकत नाही. पण आठवड्याला नाही जमणार, ऊस संपला की टोळी रात्रीतनं पुढच्या गावात जाते, सेविका सकाळी पोचते तर नुसतं पाचट. ज्या दिवशी हलली त्याच दिवशी फोन गेला पाहिजे, आणि नाही गेला तर दंड कुणाला ते आधी लिहा. तोवर मी याला हो म्हणणार नाही.