मदत हवी आहे: बाबांच्या पायाची जखम, घरी ड्रेसिंग कसं करायचं?

सहकारनगरची_माई
बाबांच्या पायाला साडेतीन महिने जखम आहे, भरतच नाही. दवाखान्याच्या फेऱ्यांनी जीव गेला. परवा सिस्टर म्हणाल्या, "आता घरीच करा, सोपं आहे", आणि दोन मिनिटांत दाखवून पुढच्या पेशंटकडे गेल्या. काल केलं तर गॉज चिकटून बसलेला. ओढला तर रक्त. बाबा मजेत पेपर वाचत होते, ओरडले मी! संध्याकाळी परत करायचंय, लवकर सांगा. "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका, प्लीज.

पाणकोंबडी
जखम पायाला म्हणजे कुठे? घोट्याला की तळव्याला? शुगर आहे का?

नानाकाका
घोट्यापाशीच असणार, व्हेरिकोज, म्हणजे फुगलेल्या शिरांची. आमच्या सासूबाईंची दोन वर्षं चिघळत होती. पोटरीला घट्ट पट्टा बांधला, तीन महिन्यांत खडखडीत. ड्रेसिंगबिसिंग सगळं थोतांड.

पाणकोंबडी
नाना, थांबा हो. घोट्याचं आणि दंडाचं बीपी ताडून पायाला रक्त नीट पोचतंय का ते आधी बघतात. पोचत नसेल आणि पट्टा आवळला तर बोटं काळी पडायची.

नानाकाका
सासूबाईंचं कोणी काही ताडलं नव्हतं.

पाणकोंबडी
नशीब त्यांचं.

गावठी_उपाय
साजूक तुपात हळद. आजीचा उपाय आहे, एकदा करून बघा.

सहकारनगरची_माई
शुगर आहे, अर्थात. वीस वर्षं, इन्सुलिन चालू आहे. जखम तळव्याला, अंगठ्याच्या खाली. लिहिलं नव्हतं का मी? हळद बाबांनी आधीच लावून झाली आहे, गुपचूप.

पाणकोंबडी
नाही लिहिलंत. आणि खरी गोष्ट तर पहिल्याच पोस्टमध्ये निसटून गेली: तुम्ही ओरडलात, बाबा नाही. उघड्या जखमेवरून गॉज ओढला आणि माणूस पेपर वाचतोय, म्हणजे तळव्याची संवेदना गेली आहे.

आजच्यापुरतं: हात साबणाने धुवा. गॉज ओढू नका, सलाइनने पाच-दहा मिनिटं भिजवून ठेवा, आपसूक सुटतो. ओढला की नवी कोवळी त्वचा त्याच्याबरोबर येते. सलाइनची बाटली मेडिकलमध्ये मिळते. पेरॉक्साइड नको, फेस बघून साफ झाल्यासारखं वाटतं, पण चांगल्या पेशीही मरतात. हळद-तूपही नको. जखमेचा तळ लाल, दाणेदार असेल तर ठीक. काळं पडलं, घाण वास आला, लाली पसरली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. दुखायची वाट बघू नका, दुखणारच नाही.

आता सांगा, बाबा चालतात का?

सहकारनगरची_माई
चालतात म्हणजे? रोज सकाळी पर्वती. शंभर पायऱ्या चढून देवदर्शन. शुगरसाठी चाला असं डॉक्टरांनीच सांगितलंय.

नानाकाका
१०३ पायऱ्या.

पाणकोंबडी
हे जखम होण्याआधी सांगितलेलं असणार! प्रत्येक पायरीला अख्खं वजन त्याच जागेवर येतंय, ड्रेसिंग सोन्याचं केलंत तरी काय उपयोग? पर्वती बंद. आणि हे तुम्ही शिकून भागायचं नाही, बाबांना शिकवावं लागेल. त्यांनी स्वतःची जखम कधी बघितली आहे का?

चप्पलवाला_नाही
एमसीआरची, म्हणजे खास मऊ रबराची चप्पल घ्या. माझे वडील तीच वापरतात.

पाणकोंबडी
ती जखम होऊ नये म्हणून. झालेल्या जखमेवरचं वजन काढायला कास्ट (प्लास्टरसारखं) किंवा खास बूट लागतो, तो डॉक्टरच ठरवतील. माई, उद्याच विचारा. हे "डॉक्टरांना विचारा" चालेल ना?

सहकारनगरची_माई
चालेल. आत्ता भिजवून गॉज काढला, अलगद निघाला. दाढीचा आरसा तळव्याखाली धरला. बाबांनी चष्मा लावून बघितलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढी मोठी आहे?" साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा बघितली त्यांनी. उद्या पर्वतीला जाणार नाही म्हणालेत. परवाचं विचारलं तर पेपर उघडला.

नानाकाका
पायथ्याशी उभं राहूनही नमस्कार पोचतो म्हणावं. पण रिक्षाने जा, तिथे पार्किंग मिळत नाही.